वाचाविकास आणि पहिली तीन वर्षे : चांदवड तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

नाशिकहून आग्रा रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटरवर वसलेले चांदवड महाराष्ट्राला परिचित आहे ते रेणुकामातेच्या देवस्थानामुळे, होळकरांच्या रंगमहालामुळे आणि कांद्याच्या बाजारपेठेमुळे. शिक्षणाच्या इतिहासातही ह्या गावाला स्थान आहे. १९२८ साली येथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली आणि कालांतराने त्या संस्थेच्या विस्तारातून शाळा व महाविद्यालये उभी राहिली. आपल्या मुलाने शिकावे ही आकांक्षा तालुक्याला नवी नाही. परंतु शिक्षणाचा विचार येथे, आणि खरे पाहता सर्वत्रच, शाळेच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. आणि मुलाच्या हाती पाटी येते तेव्हा त्याच्या भाषेचा पाया घालून होऊन तीनचार वर्षे लोटलेली असतात. ज्या बालकाच्या बाबतीत हा पाया काही कारणाने घातला गेलाच नाही, त्याची दखल शाळा घेते ती 'मंद आहे' किंवा 'बोलत नाही' अशा शेऱ्याने. ह्या शेऱ्याच्या आधीचा काळ हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्यातही घरातील कोणाला तरी प्रथम शंका आली तो दिवस आणि बालकाची प्रथम तपासणी झाली तो दिवस, ह्या दोहोंमधील अंतर मुख्यतः विचारात घ्यावयाचे आहे.

वाचेचा आरंभ पहिल्या शब्दापासून मोजण्याची आपली रीत आहे. शास्त्रदृष्ट्या ती अपुरी ठरते. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत श्रवणेंद्रिय काम करू लागलेले असते. डीकॅस्पर आणि फायफर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली असे दाखविले की, नवजात बालक आपल्या चोखण्याची लय बदलून स्वतःच्या आईचा आवाज ऐकावयास मिळेल असे करते. परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा त्याला तो अधिक हवासा वाटतो. ह्यानंतर चार वर्षांनी जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांनी कॅनडात केलेला प्रयोग मराठी अभ्यासकाला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात आपल्या वर्णमालेतील एक भेद कसोटीला लावला होता. दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' हा हिंदीत, तसाच मराठीत, अर्थभेदक असलेला फरक इंग्रजी भाषक प्रौढांना सहसा ऐकू येत नाही. परंतु इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो स्पष्ट ओळखता आला. आणि त्याच परिसरातील दहा ते बारा महिन्यांच्या बालकांची ती शक्ती जवळजवळ मावळलेली दिसली. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बालकांत मात्र ती टिकून होती. म्हणजे एकही शब्द तोंडावाटे निघण्यापूर्वीच बालकाचा कान आपल्या भाषेचे ध्वनी वेगळे काढून ठेवतो, आणि ज्यांची गरज नाही ते सोडून देतो. ज्या बालकाच्या कानावर ध्वनी पोहोचतच नाहीत, त्याला शब्द येत नाहीत एवढेच म्हणणे पुरेसे नाही. शब्द ज्या घडवणुकीतून पुढे यावयाचे, ती घडवणूकच पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला येत नाही.

ह्या घडवणुकीचे दुसरे अंग घरातल्या बोलण्यात आहे. तान्ह्या मुलाशी बोलताना मराठी माणूस नेहमीची भाषा बाजूस ठेवतो. गाय 'हम्मा' होते, मांजर 'माऊ', कुत्रा 'भूभू', इजा 'बाऊ', जेवण 'मंमं', दूध 'दुदू', झोप 'गाई'; आणि बाहेर जाणे हे सारे 'भुर्र' असते. ह्या बोलीची शास्त्रीय नोंद फार पूर्वी झाली आहे. डेक्कन कॉलेजशी दीर्घकाळ संबंधित असलेले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर ह्यांनी १९६४ साली 'वर्ड' ह्या नियतकालिकात मराठी बालबोलीवर निबंध लिहिला. आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी व स्पॅनिश ह्या सहा भाषांतील बालबोलींची तुलना प्रसिद्ध केली. जगातील बालबोलीच्या अभ्यासाच्या आरंभीच मराठीला हे स्थान लाभले होते. आपल्याकडील बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ह्याचा फारसा उल्लेख आढळत नाही, हे नवल होय.

सुशिक्षित घरांत ह्या बोलीकडे काहीशा संकोचाने पाहिले जाते. 'मुलाशी पहिल्यापासून शुद्ध बोलावे' हा उपदेश नेहमी ऐकू येतो. तो सर्वस्वी ग्राह्य वाटत नाही. बालबोलीत जोडाक्षरे गळतात, एकच अक्षर दोनदा येते, सूर चढता असतो, वाक्य तोकडे असते आणि तेच पुनःपुन्हा म्हटले जाते. ह्यांपैकी प्रत्येक गोष्टीने ध्वनी ठळक होतो. ह्याहून महत्त्वाची बाब म्हणजे बोलणाऱ्याने घेतलेला विराम. आई 'कोण आलं? कोण आलं बरं?' असे विचारते आणि थांबते. बालक हुंकार देते. त्या हुंकारालाच उत्तर मानून ती पुढचे वाक्य बोलते. संभाषणातील पाळी घेण्याची रीत बालक अशा प्रकारे शब्दांच्या कितीतरी आधी शिकते. तळहातावर बोटाने मोर बसविण्याचा खेळ, आंघोळीच्या वेळचे लाडिक बोलणे, उंबऱ्यात बसून काऊ-चिऊ दाखवीत भरविलेले घास हे सर्व ह्याच शिक्षणाचे प्रकार आहेत. काऊ दाखविणारे बोट विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. नऊदहा महिन्यांचे बालक त्या बोटाकडे न पाहता बोटाच्या रोखाने पाहू लागते, आणि वर्षाच्या सुमारास स्वतः बोट दाखवून आईचे लक्ष वेधून घेते. दोघांनी मिळून एका वस्तूकडे पाहणे ही नामकरणाची पूर्वतयारी होय. ते बोट जर दीड वर्षाचे झाले तरी उठत नसेल, हाकेला नजर मिळत नसेल, तर कान उत्तम असूनही तपासणी आवश्यक ठरते. स्वमग्नतेची पहिली चिन्हे पुष्कळदा येथेच दिसतात.

बहिरेपणाची चिन्हे मात्र इतकी उघड नसतात. ह्या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण चांदवडसारख्या तालुक्यात काळ वाया जातो तो मुख्यतः येथे. जन्मतः बहिरे असलेले मूल पहिले काही महिने इतर मुलांसारखेच आवाज काढते. ते रडते, हसते, हुंकारते. घरच्यांच्या मनात शंका येण्यास काही कारण नसते. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ऐकणारे मूल 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ गुंफू लागते. ओलर आणि आयलर्स ह्यांनी १९८८ साली दाखविल्याप्रमाणे बहिऱ्या मुलाची ही माळ कित्येक महिने लांबते. परंतु एखादी गोष्ट घडली नाही हे ध्यानात येणे, घडलेली गोष्ट ध्यानात येण्याहून नेहमीच कठीण असते. त्यातही पहिलेच अपत्य असल्यास तुलना कशाशी करावयाची?

शंका आलीच तर घरगुती परीक्षा होते. मुलाच्या पाठीमागे थाळी वाजविली जाते, दार आपटले जाते. मूल वळते आणि घर निश्चिंत होते. वस्तुतः ते वळते ते जमिनीच्या कंपनामुळे, सावलीमुळे किंवा समोर बसलेल्या आजीची नजर मागे गेल्यामुळे. आणि थाळीचा आवाज खरोखरच ऐकू आला असला, तरी त्यावरून बोलणे ऐकू येते असे सिद्ध होत नाही. अंशतः बधिर असलेल्या अनेक मुलांना खालच्या पट्टीतले, जोराचे आवाज ऐकू येतात. 'स', 'श', 'च' ह्यांसारखे बारीक व वरच्या पट्टीतले ध्वनी निसटतात. अशा मुलाला मराठी ऐकू येते ती व्यंजने गळालेली. ते हाकेला 'ओ' देते. त्यामुळे 'ऐकू येते, पण लक्ष देत नाही, हट्टी आहे' असा निष्कर्ष निघतो.

ह्यापुढे समजुतींचा भाग येतो. 'ह्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते', 'मुलगे उशिरा बोलतात', 'जीभ चिकटली आहे' अशी स्पष्टीकरणे दिली जातात. बाळगुटीतले वेखंड वाचा फुटावी म्हणून अधिक उगाळले जाते. नवस बोलला जातो. ह्यांपैकी काहींत सत्याचा अंश आहे. मुलगे सरासरीने किंचित उशिरा बोलतात हे खरे, आणि दोन वर्षांपर्यंत शब्द थोडे असलेली अनेक मुले पुढे आपोआप बरोबरीला येतात हेही खरे. अडचण एवढीच की, कोणते मूल त्या सुदैवी गटातले आणि कोणते नव्हे, हे श्रवणाची तपासणी केल्यावाचून सांगता येत नाही. आजीचे म्हणणे दहांपैकी आठ वेळा खरे ठरत असेल. म्हणूनच उरलेल्या दोन मुलांना ते घातक ठरते. कान फुटण्याची गोष्टही अशीच. वारंवार वाहणारा कान ऐकणे मंद करतो, तो औषधोपचाराने पुष्कळदा बरा होतो. परंतु 'लहानपणी फुटतोच' म्हणून त्यात कोमट तेल सोडले जाते आणि भाषाशिक्षणाचे मोलाचे महिने निघून जातात.

कोणत्या बालकाकडे विशेष लक्ष द्यावे ह्याचे काही निकष ठरलेले आहेत : जन्मतः न रडलेले, फार कमी वजनाचे, तीव्र कावीळ झालेले, मेंदूज्वरातून उठलेले, गरोदरपणी आईला रुबेला झाला असल्यास ते, आणि नात्यातल्या लग्नातून झालेले, कारण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या समाजांत आहे तेथे आनुवंशिक बधिरतेचा संभव वाढतो. रुबेलाची लस महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस मोहीम काढून देण्यात आली, ही बधिरताप्रतिबंधाच्या दृष्टीने मोठीच घटना होय. तथापि जन्मजात बधिर बालकांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत ह्यांपैकी एकही कारण आढळत नाही. निकषांवर विसंबणाऱ्या पद्धतीतून ती निम्मी मुले सुटतात. सर्वच नवजातांची तपासणी करावी हा आग्रह त्यातून निर्माण झाला. १९७८ साली डेव्हिड केम्प ह्यांनी असे शोधून काढले की, निरोगी अंतःकर्ण ध्वनी ऐकताना स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी परत पाठवितो. ह्या तत्त्वावरील लहानसे उपकरण झोपलेल्या बालकाच्या कानाशी धरले की काही मिनिटांत उत्तर मिळते. संशय राहिल्यास श्रवणमज्जेची विद्युत् तपासणी, जिला रुग्णालयांत 'बेरा' म्हणतात, ती करावी लागते.

आता तालुक्याचे गणित पाहू. चांदवड तालुक्याची वस्ती दोन लाखांहून अधिक आहे. जन्मप्रमाण दर हजारी सुमारे १५ धरल्यास वर्षाला तीन हजारांवर बालके जन्मतात. जन्मजात, लक्षणीय बधिरतेचे प्रमाण सामान्यतः दर हजारी एक ते तीन मानले जाते. तेव्हा तालुक्यात दरवर्षी अशी तीन ते नऊदहा बालके असावीत. ही संख्या लहान दिसते, आणि तिच्या लहानपणातच अडचण आहे. एका अंगणवाडीकडे ४०० ते ८०० वस्ती असते. ८०० च्या वस्तीत वर्षाला बारा जन्म धरले, तर तीस वर्षांच्या सेवेत सेविकेच्या नजरेखालून ३६० बालके जातात. त्यांत जन्मतः बधिर असे मूल एखादे असेल, किंवा एकही नसेल. जी गोष्ट आयुष्यात एकदा पाहावयास मिळावयाची, ती केवळ अनुभवाने ओळखता यावी अशी अपेक्षा करणे सेविकेवर अन्याय करणारे आहे. कुपोषित मूल तिला लांबून कळते, कारण तिने ती अनेक पाहिलेली असतात. येथे अनुभवाची जागा नेमक्या प्रश्नाने घ्यावी लागते. 'मूल बोलते का?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'सहा महिन्यांनंतर, तुम्ही दिसत नसताना, हळू आवाजातील हाकेला वळते का?', 'दहाव्या महिन्यात अक्षरांची माळ म्हणते का?', 'वर्षाचे झाल्यावर बोट दाखवते का?', 'दोन वर्षांचे झाल्यावर दोन शब्द जोडते का?' असे प्रश्न हवेत, आणि ते त्या त्या महिन्यातच विचारले गेले पाहिजेत.

अंगणवाडी ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांच्या कार्यातून. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, हा विचार तेथला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. परंतु योजनेचा भर स्वभावतः पोषणावर व तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर राहिला. तीन वर्षांखालील बालक अंगणवाडीत येते ते वजनाच्या दिवशी. त्याचे किलोग्रॅम व सेंटिमीटर लिहिले जातात. त्याने आईला हाक मारली की नाही, ह्यासाठी त्या नोंदवहीत फार काळ रकानाच नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठीची अंगणवाडी कार्यपद्धती आणि मार्च २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठीचा 'नवचेतना' हा राष्ट्रीय आराखडा केंद्र शासनाने प्रसिद्ध केला. ह्यामुळे ही उणीव कागदावर तरी दूर झाली आहे.

आरोग्यखात्याकडून आलेली व्यवस्था ह्याहून जुनी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. जन्मजात दोष, कमतरतेचे विकार, बालपणीचे रोग आणि विकासातील विलंब अशा चार वर्गांत मोडणाऱ्या ३० स्थितींची तपासणी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत करावयाची, ही त्याची योजना. श्रवणदोष आणि भाषाविलंब हे दोन्ही त्यांत येतात. आयुष पद्धतीचे दोन वैद्य, औषधनिर्माता आणि परिचारिका ह्यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते; संशयित बालकाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. रचना निर्दोष वाटते. तिच्यातून एखादे मूल कसे जाते, हे मात्र कल्पनेने ताडून पाहण्यासारखे आहे. वडनेर भैरवजवळच्या एखाद्या वस्तीवरील मूल घ्या. त्याच्या आईला दहाव्या महिन्यात शंका येते. पथक येते त्या दिवशी द्राक्षांचा किंवा कांद्याच्या काढणीचा हंगाम असतो, आई कामावर असते आणि मूल तिच्याबरोबर बांधावर असते. पुढची फेरी सहा महिन्यांनी. तेव्हा नाशिकची चिठ्ठी मिळते. परंतु नाशिकला जाणे म्हणजे दोघांचा एक दिवसाचा रोज बुडणे, म्हणून हंगाम संपण्याची वाट पाहिली जाते. 'बेरा'साठी मूल झोपलेले असावे लागते. ते झोपत नाही, दुसरी तारीख मिळते. पुढे कानाच्या साच्याचे माप, यंत्र मिळण्याची प्रतीक्षा. ह्यात कोणाचाही हलगर्जीपणा नाही. प्रत्येकाने आपले काम केले आहे. तरीही यंत्र कानाला लागते तेव्हा मूल अडीच-तीन वर्षांचे झालेले असते.

हे महिने किती मोलाचे आहेत, ह्याचा सर्वांत वारंवार उद्धृत होणारा पुरावा क्रिस्टीन योशिनागा-इतानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली कोलोरॅडोतून प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत बधिरता ओळखली गेलेली ७२ आणि त्यानंतर ओळखली गेलेली ७८ बालके त्यांनी ताडून पाहिली. लवकर ओळखलेल्यांची भाषा स्पष्टपणे सरस होती. आणि बधिरतेची तीव्रता, घरची आर्थिक स्थिती वा संभाषणाची पद्धती ह्यांपैकी कशानेही हा फरक पुसला गेला नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना हा पुढे सर्वत्र मान्य झालेला दंडक अशाच निष्कर्षांवर उभा आहे. अर्थात कोलोरॅडोत निदानानंतर घरोघरी जाऊन पालकांना मार्गदर्शन करणारी यंत्रणा आधीपासून होती, हे विसरता कामा नये. नुसते निदान लवकर केल्याने भाषा येत नाही.

शीघ्र हस्तक्षेप ह्या काहीशा कठोर शब्दसमासाचा प्रत्यक्ष अर्थ फार घरगुती आहे. तज्ज्ञाच्या खोलीत आठवड्याला पाऊण तास मिळाला, तरी मुलाचे जागेपणीचे ऐंशीनव्वद तास घरात जातात. तेव्हा तज्ज्ञ शिकवितो ते मुख्यतः आईला, आजीला आणि शेताच्या हंगामात मूल जिच्या कडेवर असते त्या थोरल्या बहिणीला. यंत्र जागेपणी सतत कानात ठेवावे. मुलाच्या पातळीवर बसून, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बोलावे. मूल ज्याकडे पाहत आहे त्याचेच नाव घ्यावे. आणि उत्तरासाठी थांबावे. बारकाईने पाहता ही मराठी बालबोलीचीच तत्त्वे आहेत. जे मूल ऐकत नाही असे कळते, त्याच्याशी बोलणे घरात हळूहळू कमी होते, ही मानवी स्वभावाची गोष्ट आहे. हस्तक्षेपाचे पहिले काम ते बोलणे पुन्हा सुरू करणे हे होय. बधिरता तीव्र असल्यास अंतःकर्णरोपणाचा विचार करता येतो, आणि पाच वर्षांखालील बालकांसाठी शासनाच्या 'एडिप' योजनेतून त्याला साह्य मिळते. मुंबईची १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ह्या कामाची प्रमुख यंत्रणा आहे. जून २०२१ मध्ये देशात उघडलेल्या चौदा सर्वसमावेशक शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपैकी एक तेथेच आहे. खुणांची भाषा शिकविल्याने वाचा मागे पडते, ही समजूत मात्र सोडून द्यावयास हवी. कोणत्यातरी भाषेचा संपूर्ण व लवकर लाभ होणे हे अधिक महत्त्वाचे.

भाषेचा आणखी एक प्रश्न ह्या तालुक्याला विशेष लागू आहे. मालेगाव व देवळ्याच्या बाजूला अहिराणीचा वावर आहे, भिल्ल कुटुंबांची बोली वेगळी, अंगणवाडीतील भाषा प्रमाण मराठीकडे झुकणारी. सेविकेच्या प्रश्नाला न बोलणारे मूल घरी आजीशी अखंड बोलत असू शकते. त्याला विलंबित ठरविणे चूक. उलट 'त्याची बोली वेगळी आहे' म्हणून खऱ्या विलंबाकडे दुर्लक्ष करणे ही तितकीच मोठी चूक. दोन बोली ऐकल्याने मुलाची वाचा खुंटत नाही. खरा विलंब असेल तर तो दोन्ही बोलींत दिसतो. म्हणून विचारपूस घरच्या बोलीत, घरच्या माणसाकडे झाली पाहिजे, आणि तज्ज्ञानेही पालकांना 'घरी फक्त मराठी बोला' असे सांगू नये. आईची भाषा काढून घेतली तर उपचारासाठी उरलेली एकमेव शिक्षिका मुकी होते.

वाचाविकासाच्या अभ्यासकाने ह्या परिसरात क्षेत्रकार्य करावयाचे ठरविले, तर त्याला महागड्या उपकरणांनी आरंभ करण्याचे कारण नाही. तालुक्यातील श्रवणयंत्र लावलेल्या प्रत्येक मुलासमोर पाच तारखा लिहून काढता येतील : घरातील शंकेची, ती शंका बाहेरच्या व्यक्तीस प्रथम सांगितल्याची, पथकाच्या तपासणीची, निदानाची आणि यंत्र बसविल्याची. पहिली तारीख कोणत्याही सरकारी नोंदीत सापडत नाही; ती आईला विचारावी लागते. महिना तिला बहुधा आठवत नाही. परंतु 'जावळ काढले त्याच्या आधी की नंतर?', 'कांदे लावणीला होते की काढणीला?' असे विचारले, तर ती नेमके सांगते.